रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

किडनीचा आजार निघाला की बऱ्याच घरांत पहिली बंदी येते ती डाळीवर. कुणीतरी सांगतं, "प्रोटीन कमी करा," आणि वरण, उसळ, अंडं, दूध सगळंच ताटातून जातं. एका टप्प्यापर्यंत हा सल्ला बरोबरही असतो. डायलिसिस सुरू होण्याआधी किडनीवरचा भार कमी ठेवण्यासाठी प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम ठेवतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की हा हिशोब उलटतो. प्रत्येक वेळी रक्त शुद्ध होताना त्यातली अमिनो आम्लंही (प्रथिनांचे घटक) थोडी धुऊन जातात, स्नायूंची झीज वाढते, आणि त्याच माणसाला आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं लागतात. घरात मात्र जुनीच बंदी चालू असते. दंड बारीक होत जातात, चालताना धाप लागते, आणि घरच्यांना वाटतं की आजारच वाढला.

ही बंदी कधी उठवायची, अंड्यातला पांढरा भाग किती द्यायचा (एका अंड्याच्या पांढऱ्यातून साधारण साडेतीन ग्रॅम प्रथिनं मिळतात), रुग्ण माळकरी असेल तर काय करायचं, दूध-पनीर वाढवलं की फॉस्फरसही वाढतो त्याचं काय, पोटॅशियम कमी करायला बटाटा कसा शिजवायचा, हे सगळं एकाच माणसाच्या एकाच ताटात बसवून दाखवणं म्हणजे डाएटिशियनचं काम. बारावीनंतर "मला डाएटिशियन व्हायचंय" म्हणणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा वजन कमी करून देणारं क्लिनिक असतं. ते या व्यवसायाचं एक टोक आहे. मुख्य काम रुग्णालयात, आजारी माणसाच्या खाटेशेजारी शिकायचं असतं, आणि 'रजिस्टर्ड' होण्याच्या वाटेवरचा सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे असं माझं ठाम मत आहे.

आरडी म्हणजे काय

भारतात 'डाएटिशियन' किंवा 'न्यूट्रिशनिस्ट' अशी पाटी लावायला बरीच वर्षं कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. जिममधला ट्रेनर, प्रोटीन पावडरचा एजंट, तीन महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्ती आणि सहा वर्षं शिकलेली व्यक्ती, सगळ्यांची पाटी सारखीच. म्हणून या व्यवसायातल्या लोकांनी आपली चाळणी आपणच तयार केली. इंडियन डाएटेटिक असोसिएशन ही संघटना १९६३ सालची. तिचं नोंदणी मंडळ एक परीक्षा घेतं आणि ती पास झाली की नावापुढे 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन असं लावता येतं. हा सरकारी परवाना नव्हे. पण मोठी रुग्णालयं नोकरीच्या जाहिरातीत आरडी मागतात, कारण या दोन अक्षरांमागे ठरावीक शिक्षण, रुग्णालयातला अनुभव आणि परीक्षा एवढं सगळं असतं.

आता कायदाही आला आहे. २०२१ मध्ये संसदेने नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा मंजूर केला. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांच्या परिषदा आधीपासून होत्या. फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, डायलिसिस तंत्रज्ञ अशा अनेकांना मात्र तसं छत्र नव्हतं. ते या कायद्याने दिलं. त्याच्या यादीत पोषणशास्त्राचा वेगळा गट आहे आणि डाएटिशियन व न्यूट्रिशनिस्ट दोघेही त्यात येतात. राज्याराज्यांत परिषदा स्थापन करायच्या, नोंदवही ठेवायची, अभ्यासक्रमाला एकसारखं रूप द्यायचं, अशी ही रचना आहे. २०२५ मध्ये या आयोगाचे नमुना अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यात न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्सचाही आहे. आज जी मुलगी अकरावीत आहे, ती शिकून बाहेर पडेल तेव्हा संघटनेच्या आरडीबरोबर परिषदेतली नोंदणीही तिला लागेल असं धरून चालणं शहाणपणाचं.

बारावीपासून पुढची वाट

अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घ्यावी, जीवशास्त्रासह. काही ठिकाणी गृहविज्ञानाच्या पदवीला इतर शाखांच्या मुलांनाही प्रवेश मिळतो. पण पुढे बायोकेमिस्ट्री येते आणि ती कुणाला माफ नसते. ग्लुकोजपासून ऊर्जा कशी तयार होते, यकृत बिघडलं की अमोनिया का साठतो, इन्शुलिन नसेल तर चरबी जळून कीटोन का तयार होतात, हे समजल्याशिवाय पथ्य सांगणं म्हणजे पाठांतर म्हणून दाखवणं. "मला स्वयंपाकाची आवड आहे म्हणून हा कोर्स" असं कुणी म्हणालं तर मी आधी रसायनशास्त्राचे मार्क विचारते. स्वयंपाक यावा लागतोच, तो रसायनशास्त्राच्या जोडीला.

मग पदवी. फूड्स अँड न्यूट्रिशन, डाएटेटिक्स, होम सायन्स, कम्युनिटी सायन्स अशी तिची नावं वेगवेगळी असतात. महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या एसएनडीटी विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय, मुंबईतलंच निर्मला निकेतन, नागपूरचं एलएडी, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातलं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, ही त्यातली काही नावं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला फूड्स अँड न्यूट्रिशन विभागही पिढ्यानपिढ्या मराठी मुली शिकवत आला आहे. मुलगेही आता येऊ लागले आहेत आणि त्यांची गरज आहे. पुरुषांच्या वॉर्डात दारू-तंबाखूबद्दल मोकळेपणाने बोलायला त्यांचा मोठा उपयोग होतो.

नुसत्या पदवीवर आरडी होता येत नाही. पुढे दोन वर्षांचं एम.एस्सी. करावं, ही सरळ वाट. डाएटेटिक्समधला एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा करूनही पुष्कळ जण या व्यवसायात येतात, पण आरडीच्या परीक्षेला बसताना त्यांच्यासाठी अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात. फॉर्म भरण्याआधी संघटनेची त्या वर्षीची सूचना शब्द न् शब्द वाचावी. पदव्युत्तर शिक्षणानंतर सुमारे सहा महिन्यांची रुग्णालयातली इंटर्नशिप आणि मग परीक्षा. सगळं जमेस धरलं तर बारावीनंतर साडेपाच-सहा वर्षं. इंजिनिअर होण्यापेक्षा जास्त काळ लागतो, हे आईवडिलांनी आधीच ओळखून घ्यावं.

परीक्षेचा आवाका मोठा आहे. शरीरक्रिया, जीवरसायन, अन्नशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजाचं पोषण, मोठ्या स्वयंपाकघराचं व्यवस्थापन आणि सगळ्यात वजनदार म्हणजे क्लिनिकल न्यूट्रिशन. तीनशे खाटांच्या रुग्णालयाच्या किचनमध्ये शिजलेली खिचडी किती अंशांवर गरम ठेवायची, हाही या अभ्यासाचा भाग आहे. कमी प्रतिकारशक्तीच्या रुग्णाला अर्धवट कोमट अन्नातून जुलाब झाले, तर ती जबाबदारी डाएटिशियनचीही असते.

इंटर्नशिप: इथे घडण होते

सकाळी आल्याआल्या रात्रीतून दाखल झालेल्या रुग्णांची यादी हातात येते. प्रत्येकाचं पहिल्या चोवीस तासांत स्क्रीनिंग करायचं: हा माणूस कुपोषित आहे का, किंवा इथे राहून होईल का? लठ्ठ माणूसही कुपोषित असू शकतो, हा या दिवसांतला पहिला धक्का. वजनकाट्यावर उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजतात. उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या लांबीवरून सूत्राने काढतात. आणि वजन घटलंय का हे विचारताना किलोमध्ये विचारून उपयोग नसतो. "दिवाळीपासून ब्लाऊज सैल झालाय का?", "पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं का?" असं विचारलं की खरं उत्तर येतं.

मग राऊंड. नाकातून नळी घातलेल्या, साठ किलोच्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. किलोमागे २५ कॅलरी धरल्या तर त्याला १५०० कॅलरी हव्यात. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये एक कॅलरी देणारं फीड असेल तर १५०० मिली. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी १९० मिली, आठ वेळा. कागदावर गणित पूर्ण झालं. आता दुपारी तीन वाजता नर्सच्या तक्त्यावर नजर टाकायची. दहाचं फीड सीटी स्कॅनसाठी थांबवलं, बाराचं उलटी झाली म्हणून, दोनचं कारण कुणी लिहिलंच नाही. पाच फीडच मिळाली तर पोहोचले ९५० मिली, गरजेच्या दोन तृतीयांशही नाहीत. असे चार दिवस गेले की व्हेंटिलेटर काढायला लागणारी छातीच्या स्नायूंची ताकदही ओसरते. लिहून दिलेलं आणि रुग्णाच्या पोटात गेलेलं, या दोहोंतलं अंतर रोज मोजणं हीच इंटर्नशिपची खरी शिकवण, आणि ती तिथे उभं राहूनच मिळते.

दुपारी ट्रे परत येतात तेव्हा चांगली इंटर्न किचनमध्ये उभी असते. कुठल्या वॉर्डातून भात तसाच परत आला, कुणी फक्त ताक घेतलं, कुणाच्या मऊ आहारात चुकून शेंगदाण्याची चटणी गेली, हे तिथे दिसतं.

"साधंच खातो हो, घरचं"

माहिती काढून घेणं ही या व्यवसायातली सगळ्यात अवघड कला आहे. "काय खाता?" या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर ठरलेलं: "साधंच, घरचं." म्हणून काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एकेक घास आठवायला लावतात. त्याला चोवीस तासांचा रिकॉल म्हणतात. उठल्यावर चहा. किती कप? बरोबर काय, खारी, टोस्ट, बटर? साखर किती चमचे? दिवसात चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. आणि माणूस प्रामाणिकपणे सांगत असतो की मी गोड खात नाही.

"रोज वाटीभर डाळ असते" हे वाक्यही तपासावं लागतं. घट्ट वरण की पातळ आमटी? वाटीभर पातळ आमटीत कोरडी तूरडाळ पंधरा-वीस ग्रॅम असते. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, तर त्या वाटीतून मिळाली फार तर चार-साडेचार. निरोगी माणसासाठी आपल्या देशाची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम. उरलेली कुठून येतात ते शोधायचं. भाकरीतून काही येतात, कारण ज्वारीतही शंभराला जवळपास १० ग्रॅम असतात. कोकणात मासळीतून येतात. कोल्हापुरात रविवारी तांबड्या-पांढऱ्याबरोबर भरपूर, आणि उरलेले सहा दिवस?

तेलाचं तर सरळ विचारायचंच नाही. "जेवणात तेल किती?" म्हटलं की "कमीच" हेच उत्तर. विचारायचं, "महिन्याला तेलाचा डबा केवढा आणता, आणि घरात जेवणारी माणसं किती?" पाच लिटर आणि चार माणसं, म्हणजे माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींचं जे ताट सुचवलंय, त्यात तेल-तूप तीस ग्रॅमच्या आत बसतं. आता बोलणं अंदाजावर राहत नाही. डबा किती दिवस पुरवायचा हे त्या घरातल्या बाईबरोबर बसून ठरवता येतं.

उपवासही विचारायचे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, गुरुवार. मधुमेहाच्या औषधावर असलेली बाई दिवसभर निरंकार राहून रात्री साबुदाण्याची खिचडी खात असेल, तर दुपारी साखर घसरणार आणि रात्री चढणार. "उपवास करू नका" हा सल्ला तिच्या कानापर्यंत पोहोचत नाही. राजगिरा, वरी, ताक, शेंगदाणे यांची दिवसभरात नीट वाटणी करून देणारी डाएटिशियन तिला आपली वाटते. औषधाची वेळ किंवा मात्रा बदलायची असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच. आपण औषध लिहायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ही सीमा पहिल्या दिवसापासून पक्की असावी.

आणि शेवटचा प्रश्न नेहमी असा: घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या हव्यातच, पण जेवणाबरोबर चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही, पालेभाजीवर लिंबू पिळलं की जास्त शोषलं जातं, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाजी उरलेलीच नसते, हे तिघांनाही सांगावं लागतं: तिला, नवऱ्याला आणि सासूबाईंना.

जिथे चूक जिवावर बेतते

पथ्य चुकलं तर फार तर वजन वाढेल, अशी समजूत दिसते. किडनी निकामी होत आलेल्या रुग्णाने "तब्येतीला चांगलं" म्हणून रोज शहाळ्याचं पाणी घेतलं, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कमी सोडियमचं मीठ रक्तदाबासाठी म्हणून घरात येतं. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि त्याच घरातल्या किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरतं. रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन घेणाऱ्याला पालेभाज्या पूर्ण बंद करायला सांगतात, तेही चूक. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केचं प्रमाण दर आठवड्याला सारखं राहिलं पाहिजे, म्हणजे औषधाचा डोस त्याला जुळवता येतो. श्रावणात रोज अळू-माठ आणि एरवी काहीच नाही, असं झालं की डोस डळमळतो.

सगळ्यात विलक्षण प्रकार रीफीडिंगचा. कित्येक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खायला दिलं तर तो दगावू शकतो. उपासमारीत शरीरातला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा रिता झालेला असतो. एकदम कर्बोदकं मिळाली की इन्शुलिन वाढतं आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. हृदय, श्वास, मेंदू सगळं अडचणीत येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसलं. म्हणून जास्त धोका असलेल्या रुग्णाला किलोमागे १० कॅलरी किंवा त्याहूनही कमीपासून सुरुवात करतात, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधी देतात आणि रोज रक्त तपासत हळूहळू वाढवतात.

मेळघाट-नंदुरबारसारख्या भागांतल्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळ येतं तेव्हाही हेच तत्त्व लागू होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित धरतात. आजारी बाळाला आधी एफ-७५ नावाचं दूध देतात, शंभर मिलीत ७५ कॅलरी आणि प्रथिनं मुद्दाम कमी. बाळाची सूज उतरली, भूक परतली की मग एफ-१००. पहिल्याच दिवशी जास्त ताकदीचं दूध पाजलं तर त्या इवल्या हृदयाला ते झेपत नाही. आई म्हणत असते, "एवढंसं दूध? बाळ रडतंय." तिला तिच्या बोलीत, न रागावता हे समजावता येणं हेही डाएटिशियनच्या शिक्षणातच मोडतं.

कामं कुठे मिळतात

रुग्णालयं, डायलिसिस केंद्रं, मधुमेहाची क्लिनिक्स ही नेहमीची ठिकाणं. मधुमेहाचं काम मराठी मुलखात कमी पडणार नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज आला आणि राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी तर भाकरीतले कर्ब (कर्बोदकं) मोजायला शिकवणारं माणूस हवंच. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम कर्ब, आणि त्या मुलाचं प्रमाण दहा ग्रॅमला एक युनिट असं डॉक्टरांनी ठरवलेलं असेल, तर साडेतीन युनिटच्या आसपास इन्शुलिन. परदेशी तक्त्यात ब्रेडच्या स्लाइस असतात, भाकरी नसते. आपल्या ताटाचे तक्ते आपल्यालाच करावे लागतात.

याखेरीज अन्न उद्योग, खेळाडूंचं पोषण, अंगणवाड्यांशी जोडलेल्या योजना, अध्यापन, संशोधन. संशोधनाचा मराठी वारसा मोठा आहे. केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवलेल्या कमला सोहोनी यांनी परतल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवताना सोहोनींनी कडधान्यांवर आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. आपल्याच मातीतल्या अन्नावर प्रयोगशाळेत काम करण्यासारखं आजही पुष्कळ उरलं आहे.

पगाराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सुरुवातीला रुग्णालयातला पगार शिक्षणाच्या मानाने तुटपुंजा असतो, आणि सरकारी रुग्णालयांत डाएटिशियनची पदं मोजकीच आहेत. एका वेळी शंभर-दीडशे रुग्ण दोन डाएटिशियनवर सोपवलेले दिसतात. हा अन्याय आहे आणि तो बदलायला संघटित आवाज आणि कायद्याची अंमलबजावणी, दोन्ही लागेल. किडनी, कॅन्सर, आयसीयू, बालरोग अशा एखाद्या शाखेत हात बसला की मोबदला सुधारतो. स्वतःचं क्लिनिक काढायचं असेल तर आधी काही वर्षं वॉर्डात काढावीत. आणि क्लिनिक काढल्यावर तिथे पावडरचे डबे विकायला ठेवू नयेत. ज्याच्यावर कमिशन मिळतं तेच रुग्णाला लिहून द्यावंसं वाटू लागतं, आणि मग सल्ल्यावरचा विश्वास संपतो.

परदेशी जायचं असेल तर

भारतातलं आरडी तिकडे आपोआप चालत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीच्या परीक्षेला बसायला किमान मास्टर्स पदवी लागते, शिवाय मान्यताप्राप्त कार्यक्रमातलं देखरेखीखालचं काम, निदान हजार तासांचं. आपल्या पदवीचं समतुल्यता मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' हे नाव कायद्याने राखीव आहे आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदणीशिवाय ते लावणं गुन्हा ठरतो. ऑस्ट्रेलियात तिथल्या डाएटिशियन संघटनेकडून परदेशी पात्रतेची तपासणी होते. कुठेही जायचं असलं तरी इंटर्नशिपचे तास, विभाग आणि केस यांची सही-शिक्क्यानिशी वही ठेवावी. पाच वर्षांनी तो कागद मिळवायला गेलं की सही करणारे वरिष्ठ निवृत्त झालेले असतात.

झटपट कोर्सची जाहिरात दिसली तर

तीन महिन्यांत 'सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट' करणारे ऑनलाइन कोर्स चकचकीत असतात आणि स्वस्तही नसतात. सामान्य ज्ञान वाढवायला कुणी केला तर हरकत नाही, पण त्यावर रुग्ण पाहणं धोक्याचं आहे, आणि आरडीच्या वाटेवर तो एक पाऊलही पुढे नेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स हे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी घातली आहे. त्यामुळे आता कुणी "घरबसल्या डिग्री" म्हणत असेल तर तिथेच थांबावं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजचं माहितीपत्रक बाजूला ठेवून शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन विद्यार्थिनींना गाठा. त्यांना विचारा की इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात होते आणि तिथे किती खाटा आहेत. आयसीयूत आणि डायलिसिसला उभं राहू देतात का, की दिवसभर ओपीडीत बसवून छापील डाएट चार्ट वाटायला लावतात? वरिष्ठ डाएटिशियन केसवर बसून शिकवतात का? मागच्या वर्षी आरडी परीक्षेला त्यांच्यातल्या किती जणी बसल्या आणि किती पास झाल्या? फी भरायची की नाही हे या उत्तरांवरून ठरवा.